उन्हाळा काढणारी झाडे : गोंदिया जिल्ह्यातील सांदवाड्यांची ओळख

गोंदिया जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धानाच्या बांध्या आणि तलाव उभे राहतात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुके, पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश आणि दक्षिणेला गडचिरोलीचे जंगल. वर्षाला सरासरी १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस. माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, "मग तुम्हाला पाण्याची चिंता कसली?"

प्रश्न रास्त आहे. परंतु हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, विहिरींचा तळ दिसू लागतो, बोड्या आटतात आणि हातपंपाचा दांडा दहा वेळा हलवावा तेव्हा धार येते. दुष्काळ इतर भागांत चार-पाच वर्षांनी येत असेल. आमच्या गोंदियात तो उन्हाळ्याच्या रूपाने दरवर्षी येतो आणि पावसाळा लागला की विसरला जातो.

या उन्हाळ्याचा सर्वांत जास्त भार कोणावर पडतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. विड्या वळणारी, धानाच्या रोवणीला जाणारी, राईस मिलमध्ये पोती उचलणारी आपली कुटुंबे. यांतील अनेकांकडे शेत नाही. गावठाणातले घर आणि घरामागची थोडी मोकळी जागा, एवढीच जमीन. या जागेला आपल्या झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात. पुस्तकात तिला परसबाग म्हणतात. पावसाळ्यात ही सांदवाडी हिरवीगार असते, वाल, दोडके, काकडी, मका सगळे येते. होळीनंतर मात्र बहुतेक ठिकाणी तिथे तुराट्या आणि धूळ उरते. ज्यांनी हौसेने रोपवाटिकेतून फुलझाडे आणली, त्यांची मे महिन्यात काटके झालेली असतात.

सांदवाडी उन्हाळ्यातही जिवंत राहू शकते का? राहू शकते, पण त्यासाठी पाणी वाढवण्याऐवजी झाडे बदलावी लागतात. हे कुठे शिकायचे असेल तर आपल्याच जिल्ह्यात एक फेरी मारावी.

गाडीच्या खिडकीतून

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत एप्रिलच्या अखेरीस बसावे. हिरडामाळी, सौंदड, देवळगाव, अर्जुनी अशी स्टेशने येतात. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या भेगाळलेल्या दिसतात. गवत पिवळे पडलेले. आणि त्याच बांध्यांच्या धुऱ्यावर, त्याच उन्हात, झाडे मात्र पालवलेली दिसतात. मोहाला तांबूस कोवळी पाने फुटलेली असतात. पळस फुलून गेला आणि आता हिरवा होतो आहे. बहावा पिवळ्या घोसांनी भरतो आहे. तेंदूला तर याच दिवसांत नवी, मऊ पाने येतात. म्हणून तर तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात असतो आणि पहाटेपासून आपल्या आया-बहिणी जंगलात असतात.

यातील एकाही झाडाला कोणी बादलीभर पाणी घातलेले नाही. मग ती हिरवी कशी? त्यांचे हिशेब ठरलेले आहेत. कोणी मुळे खोल पाठवतो आणि वरची जमीन वाळली तरी खालची ओल घेतो. कोणी पाणी कमी झाले की पाने गाळून टाकतो, म्हणजे खर्चच बंद. कोणी पावसाळ्यातले पाणी कंदात साठवतो आणि वेल वाळू देतो. हजारो वर्षे या हवामानात राहून त्यांनी ही रीत साधली आहे. बाहेरून आणलेल्या नाजूक फुलझाडाला ही रीत ठाऊक नसते. ते रोज पाणी मागते.

रोज पाणी मागणाऱ्या झाडांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा दहा रोपे आहेत आणि प्रत्येकाला रोज तीन लिटर पाणी लागते. म्हणजे रोजचे ३० लिटर, १५ लिटरचे दोन हंडे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवस धरले तर २४० हंडे. एका खेपेला पंधरा मिनिटे लागली तर ६० तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने साडेसात दिवसांची मजुरी. हे हंडे घरात कोण आणते? आई, बायको किंवा शाळेत जाणारी मुलगी. घरापुढची हिरवळ तिच्या मानेवर उभी असेल तर त्या हिरवळीचे कौतुक कसले?

एका सांदवाडीत

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, विड्या वळणाऱ्या एका वयस्क मावशींची सांदवाडी पाहायला मिळाली. वीस फूट रुंद, तीस-पस्तीस फूट लांब. मागे अडुळसा आणि निर्गुडीचे दाट कुंपण. एका कोपऱ्यात बोर, दुसऱ्या कोपऱ्यात मुनगा, म्हणजे पुस्तकातला शेवगा. न्हाणीच्या सांडपाण्यावर कढीपत्ता आणि कोचई. कुंपणावर शतावरीचा काटेरी वेल. मधली जागा मोकळी दिसली, तिथे फक्त चार काड्या रोवलेल्या होत्या.

"मावशी, इथे काही लावले नाही?" असे विचारले तर त्या हसल्या.

"बाबू, तिथं काटवल हाये. खाली निजली हाये. पानी पडलं का उठते."

पाणी किती घालता, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "गुंडभर पानी मान्साईलेच पुरत नाही, झाडाईले कुठून देऊ? ज्याले राहाचं हाये त्यानं आपलं आपन राहावं."

मावशींनी वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. पण त्यांच्या सांदवाडीतले प्रत्येक झाड या एका कसोटीला उतरलेले होते.

बेशरमचा धडा

पण "आपले आपण राहते" एवढीच कसोटी लावली तर फसगत होते. गावोगावी कुंपणाला लावलेली बेशरम पाहा. गुलाबी भोंग्यासारखी फुले, हिरवीगार पाने. गुरे तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, काडी खोचली की जगते. गरिबाला फुकटचे कुंपण. यापेक्षा चांगले काय?

याचे उत्तर तलावावर मिळते. देवळगाव स्टेशनवर उतरून नवेगावबांधला जाता येते. डोंगरांच्या कुशीतला हा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात या भागात असे शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत, त्यांतील हजाराहून अधिक एकट्या गोंदिया जिल्ह्यात.

यांतील कितीतरी लहान तलावांच्या काठांवर बेशरमने ठाण मांडले. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. कुंपणाची तुटलेली काडी ओढ्याने वाहत तलावात आली की चिखलात मूळ धरते. मग गाळ अडतो, तलाव उथळ होतो, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती मरतात आणि त्यांच्या आधाराने वाढणारे मासेही जातात. तलाव उथळ झाला की आसपासच्या विहिरींचे पाणीही लवकर उतरते. म्हणजे जे कुंपण फुकटचे वाटले, त्याची किंमत साऱ्या गावाने भरली, आणि सर्वांत आधी ढिवर समाजाच्या मासेमार कुटुंबांनी.

यातून वाट काढली तीही याच लोकांनी. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांच्यासोबत अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवर मासेमार, त्यांतही स्त्रिया, कामाला लागल्या. कोणत्या तलावात पूर्वी कोणते मासे आणि कोणत्या पाणवनस्पती होत्या, हे जुन्या माणसांकडून गोळा केले. चिखलात उतरून बेशरम मुळासकट उपटली. तलावाचा तळ नांगरला आणि इथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मग देशी मासे वाढू लागले, पक्षीही परतले. झाडे बदलली म्हणून तलाव बदलला.

तलावाला जो न्याय, तोच सांदवाडीला. म्हणून झाड निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ते उन्हाळा आपल्या बळावर काढते का? घराला काही देते का? आणि कुंपणाबाहेर पडून गावाचे नुकसान तर करीत नाही ना? बेशरम पहिल्या प्रश्नात पास होते आणि उरलेल्या दोन्हींत नापास.

याचा अर्थ बाहेरचे सारेच वाईट असा नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ ही सगळी अमेरिकेतून आलेली. सीताफळ तर आपल्या कोरड्या जमिनीत बिनपाण्याचे रुळले आहे. पाहुणा कामाचा असेल आणि घर बळकावत नसेल तर त्याला जागा द्यावी. पण आधी घरच्यांना जागा द्यावी.

काय लावावे?

कुंपणासाठी निर्गुडी आणि अडुळसा. दोन्हींच्या काड्या पावसाळ्यात लागतात आणि दोन्हींना शेळ्या-गुरे सहसा खात नाहीत. निर्गुडीचा वाळलेला पाला धान्यात ठेवला तर किडीला आळा बसतो, तिच्या पाल्याचा शेक दुखऱ्या सांध्यांना देतात. अडुळसा खोकल्यावर प्रसिद्ध आहे. खोकल्याच्या औषधांत वापरले जाणारे ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या द्रव्यावरूनच तयार झाले. मात्र गरोदर बाईने अडुळसा पोटात घेऊ नये आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढा उकळत न बसता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. विडी कामगारांच्या घरात हे विशेष ध्यानात ठेवावे.

मुनगा प्रत्येक घरी असावा. शेंगा तर आहेतच, पण पानांची भाजी अधिक मोलाची. तिच्यात प्रथिने, लोह, चुना आणि अ जीवनसत्त्वाचे घटक भरपूर असतात. आपल्याकडे मुनग्याची फांदी खोचण्याची चाल आहे. फांदी लवकर शेंगा देते खरी, पण तिला सोटमूळ नसते. वादळात ती लवकर पडते आणि उन्हाळ्यात लवकर सुकते. बी लावले तर मूळ सरळ खाली जाते आणि जाडही होते. एक फांदी आणि एक बी, असे दोन्ही लावावे.

बोर हे उन्हाळ्याचे खरे खेळाडू. मूळ खोल, काटे असल्यामुळे राखण नको, थंडीत मुलांना फळ. जागा मोठी असेल तर आवळा किंवा बेल. दोन्ही या मातीतली झाडे. बेल उन्हाळ्यात पाने गाळतो, तो मेला असे समजून तोडू नये.

फुले हवीत? पारिजातक लावावा. मध्य भारताच्या कोरड्या जंगलांत तो आपोआप वाढतो. पाने खरखरीत असल्यामुळे गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. पावसाळा सरता सरता पहाटे अंगणात सडा पडतो. कुंपणाच्या कडेला पिवळी काटेकोरांटी लावली तर काटेही मिळतात आणि फुलेही.

वेलांत काटवलीला तोड नाही. पश्चिम महाराष्ट्रात तिला करटुले म्हणतात. पावसाळ्यात बाजारात तिचा भाव ऐकून माणूस परत फिरतो. तिचा कंद जमिनीत अनेक वर्षे राहतो. उन्हाळ्यात वेल वाळतो आणि पहिल्या पावसाने कंद फुटतो. एक गोष्ट मात्र माहीत हवी. काटवलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. फळ मादीलाच येते, पण नर जवळ नसेल तर मादीलाही येत नाही. साधारण दहा माद्यांमागे एक नर पुरतो. बी उगवायला फार वेळ घेते, म्हणून ओळखीच्या घरून दोन्हींचे कंद मागून आणावेत आणि जागेवर काडी रोवून ठेवावी, नाहीतर उन्हाळ्यात कुदळ नेमकी त्यावरच पडते. शतावरीही अशीच मुळांत पाणी साठवणारी. कडुनिंब असेल तर त्यावर गुळवेल चढवावी. औषध म्हणून पोटात घेताना मात्र डॉक्टरांना विचारावे.

ही रोपे राखीव जंगलातून उपटून आणू नयेत. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथून काही आणणे गुन्हा ठरेल. आणि जंगलातली शतावरी खणली की ती तिथून संपते. पावसाळ्यात वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत रोपे मिळतात. बाकी शेजारणीकडून काडी, कंद, बी मागून आणावे. या व्यवहाराला पैसे लागत नाहीत आणि माणसेही जोडली जातात.

कसे जगवावे?

कणखर झाड असले तरी त्याचे बालपण जपावे लागते. मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे करून उन्हात तापू द्यावेत. त्यांत पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत भरावे. पाऊस नीट लागला की आषाढ पौर्णिमेच्या सुमारास रोपे लावावीत. उन्हाळ्यात लावलेले रोप पाणी मागते, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या रोपाला मुळे खाली न्यायला तीन-चार महिने मिळतात.

दिवाळीनंतर बुंध्याभोवती वीतभर जाड धानाचे तणस किंवा राईस मिलचे फोलपट पसरावे. बुंध्याला मात्र ते चिकटवू नये, वाळवी लागते. यामुळे ओल टिकते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाशेजारी एक मडके गळ्यापर्यंत पुरावे, आठवड्यातून एकदा पाच लिटर पाणी भरावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळांशीच जाते, वाफ होऊन उडत नाही. दहा रोपांना आठवड्याला ५० लिटर, म्हणजे चार महिन्यांत साधारण ५७ हंडे. २४० हंड्यांशी ही तुलना करा. बी धरून वाढलेल्या या झाडांना तिसऱ्या वर्षापासून बहुधा तेवढेही लागत नाही. मोठ्या झाडांना न्हाणीचे सांडपाणी चालते, मात्र साबणाचे पाणी पालेभाजीवर सोडू नये.

या कामात घरच्या पुरुषांनी आणि मुलांनी हात घालावा. खड्डे त्यांनी खणावेत, तणस त्यांनी आणावे. पाणी भरणे हे बाईचेच काम, असा कायदा कोठेही लिहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट विहारांच्या बाबतीत. बोधिवृक्ष म्हणून आपण विहारापुढे पिंपळ लावतो, ते योग्यच आहे. पिंपळही या मातीतला आणि उन्हाला न भिणारा. पण तो भिंतीला लागून किंवा विहिरीच्या काठावर लावू नये. त्याची मुळे बांधकाम फोडतात. मोकळ्या जागेत, भिंतीपासून चांगले अंतर सोडून लावावा. विहाराच्या उरलेल्या आवारात निर्गुडी, अडुळसा, मुनगा आणि काटवल लावून त्याच्या काड्या आणि बी गावातल्या घरांना वाटता येतील. वर्षावासात लोक विहारात जमतातच. त्या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने एक काडी घरी नेली तर वस्तीची रोपवाटिका वेगळी उघडण्याची गरज पडणार नाही.

ज्यांच्या सांदवाडीला आज बेशरमचे कुंपण आहे, त्यांनी ते एका दिवसात तोडून घर उघडे टाकू नये. या पावसाळ्यात तिच्या आतल्या बाजूने निर्गुडीच्या काड्या हातभर अंतराने लावाव्यात. दोन वर्षांत निर्गुडी दाट होईल. मग बेशरम मुळासकट काढावी, उन्हात पूर्ण वाळवावी आणि ओढ्यात किंवा तलावाकाठी मुळीच टाकू नये. गावचा तलाव भरलेला राहिला तर आपल्या विहिरीला पाणी राहील, आणि आपल्या माय-बहिणींच्या डोक्यावरचा एक हंडा कमी होईल.